आधी जेवा, मग पोरगी ठेवा

कापसाच्या त्या वाईट वर्षांचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. मी आणत नाही. माझं डोकं फिरतं. ते का फिरतं हे सांगायचं तर आधी यवतमाळातल्या आमच्या घराबद्दल सांगावं लागेल.

लोक विचारायचे, वसतिगृह कुणाचं? कुठल्या संस्थेचं? रेक्टर कोण? आम्ही म्हणायचो, आमचंच. मग समोरचा माणूस आमच्याकडं असा बघायचा, जणू आम्ही पोरींनी कुणाचं तरी घर बळकावलंय. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागं कामगारांसाठी बांधलेल्या कौलारू खोल्या होत्या, एका ओळीत. समोर नळ आणि एक कडुनिंब. जिनिंगला कुलूप लागलं, कामगार पांगले, आणि मागं एक कामगारीण तेवढी राहिली, तीच आमची काकू. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, उभी हयात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकण्यात आणि सरकी झाडण्यात गेली. मालकाला फुकटात राखण मिळत होती म्हणून त्यानं तिला राहू दिलं. तिच्याकडं कॉलेजची एक मुलगी भाड्यानं राहायला आली, मग तिची मैत्रीण आली, मग मैत्रिणीची मावसबहीण आली आणि बघता बघता सगळ्या खोल्या भरल्या. खोल्या भरल्यावर भांडणं आली, भांडणं आल्यावर नियम आले, आणि असं ते घर उभं राहिलं.

प्रत्येकीनं गावाकडून ज्वारी, तुरीची डाळ, तिखट, जे असेल ते आणायचं आणि एकाच कोठीत टाकायचं. कुणी किती टाकलं हे विचारायचं नाही. स्वयंपाकाची पाळी दोघींची, नळाची दोघींची, भाकरी मात्र काकूच्या, कारण आमच्या भाकरी बघून काकूला घाम फुटायचा. दर रविवारी कडुनिंबाखाली बैठक. हात वर करून निर्णय. काकूचाही एकच हात, आमच्याइतकाच. आणि एकमेकींना हाक मारायची ती गावाच्या नावानं. आडनाव विचारायचं नाही, सांगायचंही नाही. त्यामुळं घरात बाभुळगाव भांडी घासायची, दारव्हा केस विंचरत बसायची आणि बोरी अरब सगळ्यांवर ओरडायची. बोरी अरब आमची सेक्रेटरी. वकिलीच्या वर्गात होती आणि स्वयंपाकघरातही वकिलीच करायची. मिठाचं प्रमाणसुद्धा ती मुद्देसूद मांडायची.

माझं गाव मारेगावच्या पुढं, आत. म्हणून मी मारेगाव.

त्या घराचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. नव्या मुलीची परीक्षा घ्यायची नाही, तिच्या बापाची घ्यायची. बाप पोरीला घेऊन आला की त्याला पुढच्या खोलीत बसवायचं, आणि घरातलं जे रांधलेलं असेल ते त्यानं तिथं बसून जेवायचं. जेवला तर पोरगी राहणार, नाही तर नाही. पुढची खोली काकूची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी चष्मा आणि निळा कोट घातलेल्या माणसाची दुसरी तसबीर. ती कुणाची हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. तसबिरीखाली बसायचं आणि काकूच्या हातची भाकर खायची, बस्स. पोरीनं तेवढा वेळ बाहेर नळापाशी थांबायचं. पोरीच्या तोंडाकडं बघून कुणी बळंच घास गिळू नये म्हणून.

हा नियम उगाच झाला नव्हता. घराच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीचा बाप तिला ठेवून गेला तेव्हा त्यानं काही बघितलं नव्हतं. पुढं ऐन परीक्षेत आला, तसबीर बघितली, पोरीच्या पुढ्यातलं ताट लाथेनं अंगणात उडवलं आणि तिला तशीच उष्ट्या हातानं स्टँडवर ओढत नेली. तिचे राहिलेले पेपर राहिलेच. त्या संध्याकाळी काकूनं अंगणातला भात गोळा केला आणि म्हणाली, आता जो कोनी येईन तो आधी जेवन.

बापांच्या तऱ्हा मी पुढं दाराआडून खूप ऐकल्या. त्या ऐकून आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. एकाला नेमकी त्याच दिवशी चतुर्थी असायची. काकू म्हणायची, चतुर्थी तं काल झाली, भाऊ. एकाचं पोट बिघडलेलं असायचं. मंग वरनाचं पानी देतो, पोटाले बरं, काकू म्हणायची. एकाची बस सुटत असायची. काकूला वणी, पुसद, दारव्हा, सगळ्या बसच्या वेळा पाठ होत्या. पण हसू यायचं ते दुसऱ्यांच्या बापांचं. बरेच जण शेवटी जेवायचेही. मान खाली घालून, घाईघाईनं, पण जेवायचे. त्यातले काही तर हंगामात हुरडा घेऊन काकूकडं परत यायचे.

माझा बाप जेवला नाही.

दिवाळीपर्यंत मी अप-डाऊन केलं. गावातून मारेगाव, मारेगावहून वणी-यवतमाळ गाडी, आणि प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर मी वर्गात. पावसाळ्यात गाडी आलीच नाही तर तशीच घरी. सरकारी वसतिगृहाची यादी कधीच लागून बंद झाली होती. त्या वर्षी बोंडअळीनं शेत खाल्लं होतं आणि आमच्याकडच्या घरांत एकच भाषा सुरू झाली होती, पोरीचं उरकून टाका. आधी म्हणायचे कापूस निघाला की लग्न करू. मग कापूस निघालाच नाही तर म्हणायला लागले, आता तर करावंच लागेल. म्हणजे कापूस पिको की मरो, पोरीचं लग्न ठरलेलं. वणीकडचे एक पाहुणे मला बघूनही गेले होते. बाबा मला म्हणाले, यवतमाळात खोली भेटली तं शिक, नाही भेटली तं दिवाळीनंतर कॉलेज बंद. बारावीत तालुक्यात वर आलेली मी, माझं पुढचं सगळं एका खोलीवर येऊन अडलं होतं.

आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. यवतमाळ स्टँडवर उतरल्यावर बाबांनी हातगाडीवरचे आलुबोंडे घेतले. गाडीवाल्याच्या खांद्यावर मळका पंचा होता, हात तेलात बरबटलेले होते. त्याची जात बाबांनी विचारली नाही. मिरची तेवढी जास्त मागितली.

घर बाबांना आवडलं. नळ बघितला, दाराच्या कड्या ओढून बघितल्या, बोरी अरबला कोणत्या वर्षाला आहे हे विचारलं आणि वकिलीला आहे म्हटल्यावर खूषही झाले. मग मला नळापाशी पाठवलं. बाबांचा आवाज मुळात मोठा, सगळं ऐकू येत होतं.

काकू म्हणाली, "हात धुवा, भाऊ. पोट्टी इथं जेवन, तं तुमी बी एक डाव जेवून पाहा."

बाबा तसबीर बघत असणार.

"आडनाव काय तुमचं, बाई?"

"इथं आडनाव नाही विचारत. काकू म्हना."

"आमी जेवून आलो."

"कुठं जेवले?"

"स्टँडवर."

"स्टँडवर कोनाच्या हातचं खाल्लं, भाऊ?"

बाबा बाहेर आले. चपला पायात सरकवल्या, माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाल." परतीच्या गाडीत त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. ती पुडी मी मारेगावपर्यंत हातात धरून ठेवली, फोडली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की शेंगदाण्यांचाही राग आला.

पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग मला त्या घराचा आला होता. पुढच्या रविवारी जादा तास आहे असं सांगून मी एकटीच यवतमाळला गेले आणि त्यांच्या बैठकीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमचा नियम फार मोठा आहे, मान्य. पण त्या नियमापायी माझं लग्न लागतंय. माझ्या बापाच्या डोक्यात जे आहे ते मी भरलेलं नाही, त्याची शिक्षा मला का? मी त्या कोठीत हात घालीन, त्याच ताटात जेवीन, भांडी घाशीन. बाप जेवला नाही म्हणून मी घरी बसायचं, हा कुठला न्याय? बोरी अरब म्हणाली, नियम एकीसाठी मोडला की तो नियम राहत नाही. मी म्हटलं, मग तुझी वकिली घाल चुलीत. तिला असं कुणी बोलत नसे.

तेवढ्यात एका मुलीनं तोडगा काढला. अगदी गोड आवाजात. म्हणाली, हिच्या बाबांना परत बोलवू, त्या दिवशी भाकरी आपण करू, तसबिरी तेवढ्यापुरत्या आतल्या खोलीत ठेवू, आणि काकू जरा बाजारात जाऊन येईल. जेवल्यासारखंही होईल आणि हिचं कामही होईल. काही जणींचे हात वर जायलाही लागले होते.

काकू निंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. ती उठली.

"मी माह्या घरातून उठून जाऊ? एका मानसाले भाकर गोड लागावी म्हनून? तसबीर उतरवू? उमर गेली माही लोकाच्या दारात खाली बसन्यात. एक खोली भेटली तं तिच्यातूनबी मीच उठू?" तिचा आवाज चढला नव्हता, पण वर गेलेले हात खाली आले. "आन तुमी शिकून राह्यल्या म्हनता. हेच शिकून राह्यल्या का?"

मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता मला हाकलणार.

"तुले माय हाय का?"

"आहे."

"ते जेवते का?"

काही जणी हसल्या. काकू हसली नाही.

"मंग तिले घेऊन ये."

"काकू, नियमात बाप आहे," बोरी अरब म्हणाली.

"बापच काहून?"

मी सगळ्यांची तोंडं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बापांच्या चतुर्थ्या मोजणाऱ्या, त्यांच्या नकला करणाऱ्या या मुली, आणि मीसुद्धा, आमच्यातल्या एकीलाही हे सुचलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या घरी रांधत होत्या त्या आयाच. आणि कुणाच्या हातचं खायचं हे ठरवायला आम्ही बोलावत होतो बापांना. पोरगी ठेवायला बाप येतो म्हणून नियमातही बापच आला, आणि एवढी वर्षं तो कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही. माय म्हणजे आमच्या हिशेबी जेवणारं माणूसच नव्हतं. काकूच्याही ध्यानात ते आजच आलं असावं, कारण बोलून झाल्यावर ती स्वतःच जरा चमकल्यासारखी दिसली.

दिवाळीनंतर माझं कॉलेज बंदच झालं. डिसेंबरात बाबा उरलासुरला कापूस बैलबंडीत भरून खरेदी केंद्रावर गेले. तिथं बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असायची, माणसं बंडीखालीच झोपायची, नंबर कधी लागेल ते सांगता यायचं नाही. ते तिकडं अडकले आणि इकडं मी मायला म्हटलं, चल. सगळं सांगितलं. कोणाचं घर, कोणत्या तसबिरी, कोणाच्या हातची भाकर. काही लपवलं नाही. माय चुलीपुढं बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मी जेवली तं चालते त्याईले?"

माय त्याआधी यवतमाळला एकदाच आली होती, तेही दवाखान्यात. ती नवं लुगडं नेसली, पदरात तुरीच्या शेंगा बांधून घेतल्या, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. गाडीत आमच्या गावची माणसं होती. ती कुठं चालली हे तिनं विचारणाऱ्याला सरळ सांगितलं. मी तिला चिमटा काढला तर म्हणाली, खोटं कायले बोलाचं.

मला नळापाशी थांबवलं. माय बुटकी, तिचा आवाजही बुटका. आतलं एक अक्षर ऐकू येईना. ताट ठेवल्याचा आवाज आला. काकूच्या बांगड्या वाजल्या. बाप लोक पटापट जेवून उठायचे, मायचं काही आटपेना. मला भीती वाटायला लागली, घास हातात धरून बसली की काय, रडतेय की काय. अंगण झाडून झालं, नळ जाऊन परत आला. शेवटी बोरी अरब दारात आली आणि म्हणाली, "मारेगाव, तुझं सामान कधी आणतेस?"

आत गेले तेव्हा ताट चाटूनपुसून साफ होतं. माय आणि काकू शेंगा सोलत बसल्या होत्या.

बाबा केंद्रावरून परतायच्या आधीच गावानं बातमी पोचवली होती. त्यांनी मायवर हात उचलला नाही. तो मोठेपणा म्हणून मला पुढं बऱ्याच नातेवाइकांनी ऐकवला. त्यांनी फक्त सांगितलं, "आता तुया हातचं मले चालत नाही." झालं. त्या दिवसापासून त्यांचं ताट काकांच्या घरून यायचं, झाकून. मायनं भरलेलं पाणीही ते पीत नसत. मायची चूल वेगळी, मायचा पाण्याचा गडवा वेगळा, आणि तिला सणाच्या पंगतीत बोलावणं बंद. शेतात मात्र ती चालत होती. तिनं वेचलेला कापूस बंडीत चढत होता, तिनं शेणानं सारवलेल्या ओसरीवर ते पाय पसरून बसत होते. तिच्या हातचं नेमकं काय विटाळलं होतं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात गावोगाव गाड्या यायला लागल्या होत्या. पेपरवाले, कॅमेरेवाले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. आमच्याही गावात आल्या. बाबा बोलायला बरे, म्हणून गावानं त्यांनाच पुढं केलं. ते आमच्या ओसरीवर बसून बोलले. अळीबद्दल बोलले, केंद्रावरच्या रांगेबद्दल बोलले, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. "पोटात घास जात नाही, साहेब," ते म्हणाले. मी सुट्टीत घरी आलेली होते आणि दारात उभं राहून ऐकत होते. घास जात नाही! आत भिंतीपलीकडं माय एकटी आपल्या चुलीपुढं जेवत होती, आणि हा माणूस तिच्या हातची भाकर नाकारून जगाला सांगत होता की पोटात घास जात नाही. कॅमेरेवाल्यानं मान हलवली. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, आत या, आतही एक माणूस आहे, त्याचं काय झालंय ते विचारा. कुणी आत आलं नाही. मायनं केलेला चहा पाहुण्यांनी घेतला, बाबांनी घेतला नाही, आणि दुःखात बिचाऱ्याला चहाही नको झालाय असं पाहुण्यांना वाटलं.

त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. अळी खरी होती, रांग खरी होती, डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. पण कापूस गेला म्हणून माणसाचं बाकीचं सगळं माफ होतं, ही जी एक समजूत त्या वर्षांत पसरली, तिच्यावर माझा राग आहे. त्या वर्षांची आठवण काढणाऱ्या प्रत्येकावर आहे जो ओसरीपर्यंत येतो आणि तिथूनच परत जातो.

आमच्या घरानं नियम बदलला. काकूनं 'बापच काहून' विचारलं त्याच रविवारी सगळे हात वर गेले होते, बोरी अरबचा सगळ्यात आधी. त्यानंतर आया यायला लागल्या. बाप जेवत नसेल तर आई, आई नसेल तर आजी, आत्या. नळापाशी थांबलेल्या मुलींना आता खूप वेळ थांबावं लागायचं. मी तिथं शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहिले. वणीकडच्या पाहुण्यांनी दुसरी मुलगी केली. सगळं झालं, आणि ते मायच्या एका जेवणावर झालं, हे मी छाती पुढं काढून सगळ्यांना सांगायचे. माझ्या मायनं माझ्यासाठी घरदार पणाला लावलं, तिनं माझ्यासाठी तो घास गिळला, असं. मैत्रिणींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एका संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आम्ही दोघी शेवटची वेचणी करत होतो. बोंडं किडकी, हाताला काही लागत नव्हतं. पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावर, बाबा काकूच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या काकूच्या घरचा डबा सोडून बसले होते. माय ओळीत वाकलेली, सकाळपासून तशीच. माझा संताप अनावर झाला.

मी म्हटलं, "माय, हे असं होईल हे तुला माहीत होतं ना? मग कायले जेवली तू? घासभर खाऊन उठली असती, नियम पाळला गेलाच असता. माझ्यासाठी एवढं कशाला सोसायचं?"

मायनं पाठ सरळ केली. कमरेवर हात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली, मला नीट समजेल अशा बेतानं सांगावं तशी.

"त्या बाईनं मले पाटावर बसोलं," ती म्हणाली. "समोर बसली. गरम भाकर वाढली, आन विचारलं, अजून घेता का. लगन झाल्यापासून मले कोनी नाही विचारलं तसं. मी हो म्हनली. मंग पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हनली." ती परत ओळीत वाकली. "तुयासाठी असतं तं दोन घासात उठली असती, बाई. बाकीचं मी माह्यासाठी जेवली."